जाळीपलीकडची पंगत

इंदू,

परवा तुझी शोकसभा झाली, आणि ती घेतली कुठे, तर तुझ्याच भोजनगृहात. दुपारची जेवणं उरकल्यावर फरशी पुसून घेतली. तुझा फोटो ठेवायला खुर्ची शोधत शिपाई ऑफिसपर्यंत पळाला, कारण तुझ्या त्या हॉलमध्ये खुर्ची नाहीच. झेंडूचा हार एवढा जाड होता की तुझी हनुवटी झाकली गेली. समितीचे अध्यक्ष बोलले, तुझे साहेब बोलले, आणखी दोघे बोलले. तू किती शांत होतीस, किती सोशिक, किती सुस्वभावी, हे मला परवा कळलं. कॉलेजपासून तुझ्याशी भांडत आले, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं बघ.

साहेब म्हणाले, "ह्या वास्तूची कल्पना माझ्या मनात आकार घेत होती, तेव्हा ती कागदावर उतरवायला इंदूबाईंची मोलाची मदत झाली. त्यांचा हात फार स्वच्छ होता."

हात स्वच्छ होता. जन्मभर आर्किटेक्ट म्हणून राबलेल्या बाईबद्दल तिच्या साहेबांना एवढंच आठवावं. मी बोलायला उठले. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "वेळेअभावी बाकीच्यांची श्रद्धांजली आपण मनातल्या मनात समजू या." मग सगळे डोळे मिटून उभे राहिले. मी डोळे उघडे ठेवून उभी राहिले. समोर ती सागवानी जाळी होती, हॉलचा एक भाग तोडून वेगळा काढणारी. तुझ्या हातानं काढलेली, आणि तू जिथे कधीच लावली नव्हतीस तिथे ठोकलेली. तिच्याबद्दल मात्र कोणी एक शब्द काढला नाही.

म्हणून हे लिहितेय. तुला सगळं माहीत आहे. पण ते सांगायला आता तू नाहीस, आणि बाकीच्यांनी त्यांच्या सोयीचं सांगायला सुरुवातही केली आहे.

वडाळ्याकडच्या मोकळ्या जागेत विद्यापीठाची नवी वसतिगृहं बांधायचं ठरलं, आणि मुलामुलींसाठी मिळून एकच भोजनगृह. मी मुलींच्या जुन्या वसतिगृहाची रेक्टर, म्हणून मला इमारत समितीवर घेतलं. समितीत एक बाई असलेली बरी दिसते. पहिल्या बैठकीला तुझ्या साहेबांना ताप होता, म्हणून नकाशांची नळी काखेत मारून तू एकटी आलीस. दरवाजात तुला पाहिलं आणि मला हसू आवरेना. तूही मला ओळख दाखवली नाहीस, सगळ्यांसमोर "रेक्टरबाई" म्हणालीस.

ते दिवस कसले होते. आज परळला ट्राम बंद, उद्या दादरला लाठीमार, परवा गिरगावात हरताळ. ज्याच्या त्याच्या तोंडी मुंबई आणि महाराष्ट्र. समितीतल्या माणसांच्याही अंगात तेच वारं शिरलेलं. इमारत मराठी दिसली पाहिजे, ह्यावर सगळ्यांचं एकमत होतं. मराठी म्हणजे काय, ह्यावर नव्हतं. एकाला दारात बुरूज हवे होते. एकाला भिंतीवर घोडेस्वार हवे होते. तिसरे विलायतेत राहून आलेले. त्यांना काउंटर हवा होता, हातात ट्रे घेऊन मुलांनी रांग लावायची, आणि लोखंडी खुर्च्या.

तू पेन्सिल खाली ठेवलीस. म्हणालीस, "बुरुजावर पहारा देतात. तिथे जेवायला कोणी जात नाही." मग तिसऱ्यांकडे वळलीस. "आणि भुकेलेल्याला ताट घेऊन रांगेत उभं करणं मला जमणार नाही. आपल्याकडे जेवणारा बसतो आणि वाढणारा त्याच्यापाशी येतो. मला जुन्यातलं तेवढंच हवंय. बाकी सगळं नवीन चालेल."

सुस्वभावी. मला त्या सगळ्यांना त्या दिवशीचा तुझा चेहरा दाखवायला हवा होता.

मग तू माझ्या मागे लागलीस की मला तुमची खाणावळ बघायची आहे. माझी आई लालबागच्या आमच्या चाळीत गिरणीकामगारांना जेवू घालायची. कोकणातून आलेली, बायकामुलं गावी ठेवलेली माणसं. त्या पैशांवर मी शिकले. तुला नेताना मला संकोच वाटत होता. तुमच्या घरची माजघरं, चांदीच्या वाट्या, भानोळीसारख्या खास पदार्थासाठी आणलेली कोलंबी मी कॉलेजात असताना पाहिलेली होती. आमच्याकडे एक खोली, एक चूल आणि पाळीवरून आलेली दमलेली माणसं.

तू चुलीजवळ बसून राहिलीस. माणसं येत होती, मांडी घालून भिंतीला पाठ लावत होती, आई मधून वाकून वाढत जात होती. दोन ओळी समोरासमोर. कोणी कोणाकडे पाठ करून बसलेलं नव्हतं. कुळथाची पिठी, भात, तळलेला बांगडा. एकाचं झालं की तो उठायचा आणि त्याच्या जागी दुसरा यायचा. तुझ्या लक्षात आलं की जेवताना कोणी फारसं बोलत नाही, पण प्रत्येकाची नजर समोरच्याच्या ताटावर असते. त्याला कमी पडलं तर हा आईला हाक मारतो.

आई म्हणाली, "ह्यात काय बघूचा असा गो बाय?"

"तुमच्यासारखं मोठं करायचंय, आई. शेकडो मुलांसाठी."

"जमनीर बसान बसान माजे गुडघे गेले. माका इचारशीत तर टेबल-खुर्ची कर."

तू हसलीस. आणि मग तुला गॅलरीत बसलेला तो माणूस दिसला. एकटाच, दाराबाहेर, कठड्याला टेकून जेवत होता. त्याचं ताट वेगळं होतं, तांब्या वेगळा होता. तू आईला विचारलंस तो बाहेर का. आई सहज म्हणाली, "तो आपणच भायर बसता." तो जेवून, स्वतःचं ताट स्वतः धुऊन, कोनाड्यात पालथं घालून गेला. तू बघत होतीस. मी लहानपणापासून रोज तेच बघत आले होते, आणि आमच्या खोलीत दाटी असते म्हणून तो बाहेर बसतो अशी माझी समजूत मी करून घेतली होती.

बाहेर पडलो तेव्हा मिरच्या कांडण्याच्या वासानं सगळी गल्ली खोकत होती. परळपर्यंत आपण चालत गेलो आणि भांडत गेलो. मी म्हणाले, "जमिनीवर बसणं तुला आवडतं, कारण तुमच्या घरी टेबलही आहे. ज्याला कधीच मिळालं नाही त्याला टेबलच हवं असतं. माझ्या वसतिगृहात शिवडीच्या गोदीतल्या हमालाची मुलगी आहे. तिला पुन्हा खाली बसवू नकोस."

"खाली नाही बसवत. पण खुर्ची आली की माणसं खुर्च्या ओढतात. हवी तिथे नेतात. आपला गट करून बसतात, नको असलेल्याकडे पाठ करतात. ती पाठ मला नकोय."

"मग काय, माणसांना खिळे मारणार?"

"माणसांना नाही. बैठकीला."

आणि तू ते केलंस. मोझाइकचे लांबच्या लांब कट्टे, जमिनीत पक्के, हलवता न येणारे. ज्याला पाय सोडून बसायचं त्याला पाय सोडायला जागा, ज्याला मांडी घालायची त्याला मांडी घालण्याइतकी रुंदी. पुढे तसंच लांब टेबल. दोन ओळी समोरासमोर, मध्ये वाढप्याला चालायची वाट. कोणी कोणाकडे पाठ करू शकत नाही. हात धुवायला आणि पाणी प्यायला बाहेर ओसरी, तिथे एकाच रांगेत सगळे नळ. वर काँक्रीटच्या बारीक कमानी आणि त्यांवर मंगलोरी कौलं. कौलांच्या खाली सगळीकडून हात-दीड हात मोकळी फट, गरम हवा आणि तळणाचा वास वर निघून जावा म्हणून. आणि ओसरीला उन्हाची तिरीप अडवायला सागवानी जाळी, तुमच्या गिरगावच्या घराच्या माडीवर होती त्या नक्षीची, पण तू तिच्यातली सगळी फुलं-पानं काढून टाकलीस आणि नुसत्या रेषा ठेवल्यास. आईला मी नकाशा समजावून सांगितला. ती म्हणाली, पाय सोडूक गावतत ना, मग झाला. एवढ्यावर तिनं तुला पास केलं.

नकाशा समितीपुढे आला आणि सगळ्यांना आवडला. वर्तमानपत्रात छापण्यासारखा आहे, असंही कोणी म्हणालं. मग एका गृहस्थांनी घसा साफ केला. फार मऊ बोलणारे. म्हणाले, "एक लहानशी सूचना आहे. काही घरांच्या भावनांचा विचार करून थोडा भाग वेगळा ठेवता आला तर. शाकाहारी मुलांसाठी. माशांचा वास सहन होत नाही हो काहींना."

"वास वर जातो," तू म्हणालीस. "त्यासाठीच ती फट आहे."

"नुसता वासाचा प्रश्न नाही."

"मग कशाचा आहे?"

ते इकडे तिकडे बघायला लागले. तू थांबली नाहीस. "आमच्या घरी रोज मासे होतात. उद्या माझी भाची इथे शिकायला आली तर तिनं कुठे बसायचं?"

"तुमची गोष्ट वेगळी आहे, इंदूबाई. तुमच्या भाचीला कोण अडवणार? ती बसली आत तर कोणाची हरकत नसेल."

त्या बिचाऱ्याला कळलंही नाही की आपण काय बोलून गेलो. तू हळू आवाजात म्हणालीस, "म्हणजे मासे खाणारी माझी भाची आत, आणि वरणभात खाणारी गोदीतल्या हमालाची मुलगी बाहेर. हा शाकाहार नाही. ह्याला जे नाव आहे ते तरी घ्या."

अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही आर्किटेक्ट आहात. समाजसुधारक नाही."

"मी भिंत कुठे असावी ते सांगणारी बाई आहे. इथे भिंत नको, असं सांगतेय."

त्या दिवशी आपण जिंकलो असं वाटलं. मध्ये आडोसा आला तर वाढप्यांची वाट अडेल, जेवणाला वेळ लागेल, असं कारण तू पुढे केलंस आणि ते त्यांना पटलं. खरं कारण पटलं नाही, खोटं पटलं. मी तुला तिथेच जिन्यात सांगितलं, हे सगळं वर्तमानपत्रात देऊ या. आत्ता, लोक रस्त्यावर आहेत तोवर. एकीकडे महाराष्ट्र मागायचा आणि दुसरीकडे त्याच्या पोरांना एका ओळीत जेवू द्यायचं नाही, हे लोकांना कळू दे.

तू नको म्हणालीस. "आधी उभं राहू दे. कागदावरचं काहीही फाडता येतं. एकदा उभं राहिलं की त्याच्याशी भांडणं अवघड जातं."

मी तुला घाबरट म्हणाले. तू मला भाषणबाज म्हणालीस. काही दिवस आपण बोललो नाही. मग तू भर हरताळात गिरगावातून वडाळ्यापर्यंत पायी आलीस, कट्ट्याची उंची बघायला. वाटेत पोलिसांनी तुझी नकाशांची नळी उघडायला लावली होती. आत शस्त्र नाही, जेवणाचं टेबल आहे, हे त्या हवालदाराला पटवताना तुझा घसा बसला होता. घामानं चिंब होऊन तू आधीच बांधून झालेल्या वसतिगृहातल्या माझ्या खोलीत पाणी प्यालीस, आणि आपलं भांडण तेवढ्यापुरतं मिटलं. पण संपलं नाही.

मग तुझं दुखणं. लहानपणीच्या तापानं हृदय अधू झालेलं होतं, तू ते कधी मोजलंच नाहीस. बांधकाम अर्ध्यावर असताना परळच्या हॉस्पिटलात तुला ठेवलं. मी रोज संध्याकाळी यायचे, काम कुठवर आलं ते सांगायचे. कमानी झाल्या, कौलं चढली, कट्टे घासून झाले. शेवटच्या दिवसांत कंत्राटदारानं दारं लावून आतलं काम चालवलं आणि मला आत जाऊ दिलं नाही, पॉलिश ओलं आहे म्हणून. मला वाटलं, खरंच पॉलिश ओलं आहे.

तू सुटून आलीस त्या दिवशी घरी गेलीच नाहीस. टॅक्सी थेट वडाळ्याला घ्यायला लावलीस. दोघी आत गेलो, आणि ती समोर होती. ओसरीसाठी काढलेली तुझी जाळी हॉलच्या मधोमध आणून उभी केलेली, छातीच्या वर येईल इतकी उंच. पलीकडच्या भागाला ओसरीतून वेगळं दार फोडलेलं. कोपऱ्यात पाण्याचं वेगळं पिंप. दारावर पाटी, शाकाहारी विभाग. आणि ओसरीची कमान उघडी बोडकी, तिच्यातून ऊन सरळ नळांवर.

मला वाटलं, तू खाली बसशील. तू जाळीपाशी गेलीस, तिच्या रेषांवरून बोट फिरवलंस, सांधे बघितलेस. म्हणालीस, "काम चांगलं केलंय सुतारानं."

मग तू तुझ्या साहेबांना गाठलंस. मी बरोबर होते, म्हणून शब्द न शब्द सांगू शकते, आणि कोणी विचारलं तर कुठेही सांगेन.

साहेब म्हणाले, "अगं, भिंत थोडीच आहे? जाळी आहे. आरपार दिसतं. उलट तुझ्याच नक्षीचा मान ठेवला. सगळ्यांनी किती वाखाणलं."

"आरपार दिसतं म्हणूनच जास्त वाईट आहे, साहेब. भिंतीपलीकडचं निदान दिसत तरी नाही. इथे रोज एकमेकांकडे बघत वेगळं जेवायचं."

"हे बघ, समितीनं ठरवलं. तू हॉस्पिटलात होतीस. काम अडवून धरायचं का?"

"मग माझं नाव काढा. कोनशिलेवर, नकाशावर, जिथे असेल तिथून. हे माझं काम नाही."

साहेब अगदी सरळ आवाजात म्हणाले, "नाव तुझं कुठे होतंच नाही."

इंदू, तो क्षण मी विसरणार नाही. तुला राग यायला हवा होता. तू फक्त मान हलवलीस, एखाद्या वहिवाटीच्या गोष्टीला हलवावी तशी. रागावले मी. अजून रागावलेलीच आहे. वर्षानुवर्षं तुझ्या रेषांखाली तो माणूस सही करत होता, आणि तुला ते माहीत होतं, आणि तू मला कधी सांगितलं नव्हतंस. ह्या गोष्टीचा राग मी कोणावर काढू? तुझ्यावरही येतो. तू अशी निघून गेलीस म्हणून तर फारच येतो.

हॉल सुरू झाला. उद्घाटनाच्या भाषणांत परंपरा आणि आधुनिकता हे शब्द इतक्या वेळा आले की मुलं हसायला लागली. तू आली नाहीस. मुलांचं काय झालं तेही ऐक. माझी आशा होती की ही पोरं, जी काल-परवापर्यंत घोषणा देऊन घसे बसवून घेत होती, ती जाळीपलीकडे पाय ठेवणार नाहीत. सगळी नाही, पण पुष्कळशी मुकाट्यानं जाऊन बसली. ज्यांनी तुरुंगात एका भांड्यातली डाळ खाल्ली होती त्यांच्यातलेही दोघे होते. मी विचारलं तर एक म्हणाला, "घरी कळलं तर उगीच त्रास, बाई."

पहिल्याच आठवड्यात तारा पलीकडे जाऊन बसली. शिवडीची, तिचीच गोष्ट मी तुला परळच्या वाटेवर सांगितली होती. इकडे जागा नव्हती, तिकडे होती. देखरेखीवरचा माणूस तिला उठ म्हणाला. तिनं पाटीकडे बोट केलं. "शाकाहारी लिहिलंय. माझ्या ताटात वरणभातच आहे."

"तसं नाही ते."

"मग कसं आहे? लिहा ना तसं."

तोवर मी पोचले. "ती इथेच जेवेल," म्हणाले, आणि तिच्या शेजारी बसले. संध्याकाळी मला खुलासा विचारणारं पत्र आलं, शिस्तीत ढवळाढवळ केल्याबद्दल. गिरगावात तुझ्या खाटेशी बसून मी तुला हे सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस की खोकला थांबेना आणि तुझी वहिनी माझ्यावर डोळे वटारत आत आली.

"काय खुलासा दिलास?"

"लिहिलं, ताट गार होत होतं."

ती आपली शेवटची भेट. तेव्हासुद्धा मी भांडलेच. म्हणाले, तेव्हा वर्तमानपत्रात दिलं असतं तर ही जाळी आली नसती.

"तर हॉलच झाला नसता," तू म्हणालीस.

"नसता झाला तरी चाललं असतं."

"मग तारा कुठे बसली असती?"

तरी तुझं म्हणणं मला पटलेलं नाही, हे नोंदवून ठेवते. तू मेलीस म्हणून मी हरले असं होत नाही.

निघताना तू विचारलंस, "वास जातो का गं वर?" मी म्हणाले, जातो. तू डोळे मिटलेस. हॉल कसा झालाय ते तू विचारलं नाहीस, आणि त्या रागाच्या भरात मीही ते सांगायची राहिले. आता सांगते. दुपारी कौलांखालच्या फटीतून उजेड आत येतो तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, ताटांवर पडतो. आत शेकडो मुलं जेवत असली तरी गोंगाट होत नाही. वाढपी मधल्या वाटेनं चालत जातो आणि प्रत्येकाला वाटतं तो आपल्याकडेच येतोय. बांगडे तळले तरी पंधरावीस पावलांवर वास नसतो. नवीन आलेली, खेड्यातली, बुजलेली मुलगी पहिल्या दिवशी कट्ट्याच्या टोकाशी पाय सोडून अवघडून बसते, आणि आठवड्याभरात बघावं तर मांडी घालून समोरचीसाठी आमटी मागत असते. असं घर मी दुसरं पाहिलेलं नाही. तुझ्या साहेबांच्या बापजन्मात त्यांना हे सुचलं नसतं.

शोकसभेनंतर मी खोलीवर आले आणि सुताराला निरोप धाडला. काल सकाळी तो आला. वसतिगृहाची दारं-खिडक्या दुरुस्त करणारा आमचा नेहमीचाच माणूस. जाळी बघून म्हणाला, "बाई, लेखी हुकूम आहे का?"

"मी सांगतेय तोच हुकूम. नाव माझं घे."

त्यानं स्क्रू काढायला घेतले. तारा आणि इतर मुली धरायला आल्या. मुलं आधी दाराशी घोळका करून उभी होती. मग तुरुंगात जाऊन आलेला तो एक मुकाट्यानं पुढे आला आणि त्यानं खालचं टोक उचललं. कुठलीही फळी मोडू दिली नाही मी. काम चांगलं आहे, तू म्हणाली होतीस. ओसरीच्या कमानीत ती बसते का पाहिलं, तर नाही बसली, त्यांनी तिची लांबी कापून टाकली होती. तशीच भिंतीला टेकवून ठेवली आहे. पाटी मी स्वतः काढली. पिंप स्वयंपाकघरात गेलं.

दुपारी जेवायला मुलं आली तेव्हा हॉल खरंच वेगळा दिसत होता, इंदू. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच ओळ. काहीजण दारातूनच परत फिरले. संध्याकाळी दोघांचे पालक येऊन माझ्याशी वाटेल ते बोलून गेले, ते मी ऐकून घेतलं आणि त्यांना चहा पाजला. पण रोज जाळीपलीकडे बसणारी एक मुलगी आत आली आणि कुठे बसावं हे न कळून वाटेतच उभी राहिली. कोणी तिला बोलावलं नाही, कोणी हाकललं नाही. तारानं वर न बघता स्वतःचं ताट बाजूला ओढलं आणि थोडी सरकली. ती मुलगी बसली. पहिला घास घ्यायला तिला वेळ लागला. मग घेतला.

महाराष्ट्र होणार, हे आता पक्कं झालंय म्हणतात. मिरवणुका निघतील, दिवे लागतील. लालबागला आत्ताच तयारी सुरू आहे. होऊ दे, माझा भाऊ लाठ्या खाऊन आलाय, मलाही आनंद आहे. पण त्या महाराष्ट्राच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसणार, हे तू विचारलंस ते समितीतल्या त्या टेबलापाशीच राहिलं आहे, आणि ते विचारायला तू नाहीस. सगळ्यांनी परवा तुझ्यासाठी शांती मागितली. मी मागितली नाही. तुझ्यासाठी शांतता मागण्याइतकं माझं तुझ्याशी कधीच वाईट नव्हतं.

सोमवारी समितीची तातडीची बैठक बोलावली आहे. विषय एकच, जाळी. मला हजर राहायला सांगितलंय. मी हॉलमध्ये जेवून जाणार आहे.